लिलाक : पुरात गेलेली बाग आणि परत आलेले फुटवे



जांभळ्या तुऱ्यांच्या झुडपाचा फोटो दाखवून दोघा-तिघांनी एकच विचारलं, "आण्णा, हे लिलाक आपल्या परसात लावलं तर येईल का?" फोनवर थोडक्यात उत्तर दिलं होतं. पण या झुडपाचा इतिहास वाचायला लागलो आणि त्यात असं काही सापडलं की ते शेतकऱ्यांनी वाचावं असं वाटलं. म्हणून आज जरा लांबण लावतोय. निवांत वाचा.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडं लिलाक म्हणून जी रोपं खपवली जातात ती बऱ्याचदा वेगळीच असतात. इंग्रजी पुस्तकांत आपल्या बकाण निंबाला 'पर्शियन लिलाक' म्हणतात, कारण त्याची फुलं फिकट जांभळी आणि वासाची असतात. बांधावर हिरवळीच्या खतासाठी आपण जी गिरिपुष्प लावतो, जिला कुणी उंदीरमारी म्हणतं, तिला 'मेक्सिकन लिलाक' म्हणतात. दोन्ही झाडं चांगली, पण लिलाकचं आणि त्यांचं काही नातं नाही. बकाण कडुनिंबाच्या कुळातला, गिरिपुष्प तुरी-हरभऱ्याच्या कुळातली. खऱ्या लिलाकचं नातं आपल्या दारातल्या फुलांशी आहे. जाई, जुई, मोगरा, पारिजातक हे सगळे लिलाकचे भाऊबंद, एकाच कुळातले. वासावरनं ते पटतंही म्हणतात.

खरं लिलाक म्हणजे पुरुष-दीड पुरुष उंचीचं, कधी त्याहून मोठं होणारं झुडूप. पान बदामाच्या आकाराचं. हिवाळ्यात सगळी पानं गाळून नुसत्या काड्या उभ्या राहतात आणि वसंतात वीतभर लांब तुरे येतात, जांभळे, निळसर, गुलाबी नाहीतर पांढरे. फुलं दोन-तीन आठवडे, मग वर्षभर नुसतं हिरवं झुडूप.

आता येईल का याचं उत्तर. आमच्या सांगली भागात नाही येणार. रोप जगेल एखाद वेळ, पण फुलणार नाही. या झाडाला झोप लागते. साधारण सात अंशांच्या खाली हजारभर तास, म्हणजे रात्रंदिवस धरून चाळीसेक दिवसांची थंडी मिळाली तरच त्याचे डोळे नीट फुटतात. कमी थंडीत फुलणाऱ्या काही जाती कॅलिफोर्नियात काढल्यात, पण त्यांनाही हिवाळा लागतोच. द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर आपण डोळ्यांना पेस्ट लावतो ती कशासाठी? आपल्याकडं थंडी पुरत नाही म्हणून डोळे एकसारखे फुटत नाहीत, त्यावरचा तो इलाज आहे. भारतात लिलाक बघायचं तर काश्मीर-हिमाचलात जावं लागेल. हिमालयात दोन-अडीच हजार मीटरच्या वर त्याची एक रानटी जातही आहे.

म्हणजे झाड आपलं नाही. पण नावाचा धागा मात्र आपल्यापर्यंत येतो. आपल्या 'नीळ' शब्दाशी नातं असलेला फारसी शब्द 'नीलक', म्हणजे निळसर. त्याचा 'लीलक' झाला, अरबांच्या आणि तुर्कांच्या तोंडातनं तो युरोपात गेला आणि 'लिलाक' झाला. कपड्याला देतो ती नीळ आणि हे लिलाक, शब्दानं एकाच घरचे.

झाडाचा प्रवासही शब्दासारखाच हातोहात झाला. 16 व्या शतकात इस्तंबूलच्या तुर्की बागांत हे झुडूप लावलेलं होतं. त्यावेळी ऑस्ट्रियाचा राजा फर्डिनांड याचा वकील म्हणून बुसबेक नावाचा माणूस सुलतान सुलेमानच्या दरबारी होता. 1562 मध्ये काम संपवून तो व्हिएन्नाला परतला. तुर्की बागांतलं लिलाक व्हिएन्नात आणल्याचं श्रेय त्यालाच देतात. तिथनं ते जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड असं पसरलं. लोकांना दोन-अडीचशे वर्षं वाटत होतं की हे पूर्वेकडचं, इराणाकडचं झाड असेल. 19 व्या शतकात कळलं की ते बाल्कनच्या खडकाळ डोंगरउतारांवर आपोआप उगवतं. म्हणजे झाड मुळात युरोपचंच होतं, पण युरोपला ते माहीत झालं तुर्कांच्या बागेतनं.

पुढं युरोपातनं अमेरिकेत गेलेल्या लोकांनी ते बरोबर नेलं. जेफरसननं 1767 मध्ये आपल्या बागेच्या वहीत लिलाक लावल्याची नोंद केलीय, आणि जॉर्ज वॉशिंग्टननं 1785 मध्ये आपल्या मळ्यावर लिलाकची झुडपं हलवून लावली. पण मोठ्या माणसांपेक्षा मला साध्या शेतकऱ्यांचं कौतुक वाटलं. घर बांधलं की दाराशी एक लिलाक, अशी तिथं रीतच पडली. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंड म्हणतात त्या भागात, पुढं बरेच शेतकरी खडकाळ जमिनी सोडून पश्चिमेला गेले. घरं पडली, शेतात पुन्हा जंगल माजलं. आज त्या जंगलात फिरताना मध्येच दगडी तळघराचा खड्डा दिसतो आणि त्याच्या कडेला लिलाक फुललेलं असतं. कुणी पाणी घालत नाही, कुणी छाटत नाही, तरी ते आहे. बुडातनं फुटवे काढत राहतं आणि एक खोड गेलं की दुसरं उभं करतं.

या फुटव्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी हकीकत त्यावरच आहे.

लिलाकचं बी पेरलं तर आईसारखं झाड येत नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, तसंच. एखादी जात जशीच्या तशी ठेवायची तर तिचा फुटवा मुळासकट काढून लावायचा, दाब कलम करायचं किंवा कलम बांधायचं. आपला ऊस, हळद, केळी, द्राक्ष हे सगळं याच रीतीनं चालतं. उसाची नवी जात बियापासनं निघते, पण ती एकदा निघाली की पुढं सगळं बेणंच. म्हणजे जातीचं एकेक झाड हे त्याच पहिल्या झाडाचा तुकडा असतं. तुकडे संपले की जात संपली. बी साठवून ती परत आणता येत नाही.

नवी जात काढणं किती जिकिरीचं असतं त्याची एक गोष्ट फ्रान्सची. नॅन्सी गावात व्हिक्टर लमुआन नावाचा रोपवाटिकावाला होता. 1870 मध्ये प्रशियानं फ्रान्सवर चढाई केली आणि नॅन्सी शत्रूच्या ताब्यात गेलं. धंदा ठप्प झाला. त्याच्याकडं दुहेरी पाकळ्यांचं एक लिलाक होतं, फुलं अगदी बारीक, त्यांत पुंकेसर नाहीत आणि स्त्रीकेसर पाकळ्यांत दडलेला. त्यावर चांगल्या जातींचे आणि चीनहून आलेल्या एका लिलाकचे पराग टाकायचे असं त्यानं ठरवलं. पण तेव्हा त्याची नजर मंदावली होती आणि हातही स्थिर राहत नव्हता. मग शिडीवर चढून एकेका बारक्या फुलात पराग टाकायचं काम त्याच्या बायकोनं, मारी लुईजनं केलं. शंभरावर फुलांवर मेहनत घेतली, त्या वर्षी बी मिळालं फक्त सात.

त्या बियांपासनं आणि पुढच्या वर्षांच्या बियांपासनं दुहेरी लिलाकांचं घराणं सुरू झालं. बापानं, मुलानं आणि नातवानं मिळून दोनशेच्या वर जाती काढल्या. 1890 मध्ये निघालेल्या एका पांढऱ्या दुहेरी जातीला त्यानं बायकोचं नाव दिलं, 'मादाम लमुआन'. ती आजही रोपवाटिकांत मिळते. लमुआनची रोपवाटिका मात्र 1955 मध्ये बंद झाली. रोपवाटिका गेली तरी जाती राहिल्या, कारण तोवर त्या जगभर लोकांच्या दारात गेल्या होत्या.

त्यातल्या काही जाती गेल्या अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या वुडलँड गावात, एका शेतकरणीकडं. तिचं नाव हुल्डा क्लागर.

हुल्डाबाईचा जन्म 1863 चा, जर्मनीतला. दोन वर्षांची असताना आईबापाबरोबर अमेरिकेत आली. 1877 मध्ये कुटुंब वुडलँडला शेतीवर आलं. तिथंच लग्न झालं, नवऱ्याचं नाव फ्रँक. गाईगुरं, स्वयंपाक, लेकरं यातच तिची चाळिशी आली. कॉलेज-बिलेज काही नाही. 1903 मध्ये ती आजारी पडली आणि अंथरुणावर असताना ल्यूथर बरबँकवरचं पुस्तक तिच्या हातात आलं. बरबँक म्हणजे बटाटे, आलुबुखार, फुलं यांच्या नव्या जाती काढणारा त्यावेळचा नामांकित माणूस. पुस्तक वाचून बाईला वाटलं, हे आपल्यालाही जमेल.

पहिला प्रयोग कशावर केला असेल? सफरचंदावर, आणि कारण एकदम बायामाणसांचं. बारकी सफरचंदं सोलून सोलून ती वैतागली होती. मोठं सफरचंद मिळालं तर कमी फळं सोलून काम होईल. म्हणून मोठ्या फळाच्या एका जातीचा दुसऱ्या चवदार जातीशी संकर केला. जे काम रोज हातानं करतो त्यातली अडचण माणसाला बरोबर दिसते, ती बघायला कुठली पदवी लागत नाही.

1905 पासनं तिनं लिलाक धरलं. लमुआनच्या जाती आणि एक गडद जांभळी जर्मन जात, एवढ्यावर सुरुवात केली. या फुलाचे पराग त्या फुलावर, बी धरायचं, पेरायचं, रोपं वाढवायची, फुलं यायची वाट बघायची. लिलाकचं बियाचं रोप फुलायला काही वर्षं घेतं. शेकडो रोपांतनं एखादं ठेवण्यासारखं निघतं आणि बाकीची उपटून टाकायची. 1910 पर्यंत तिच्याकडं 14 नव्या जाती झाल्या होत्या. 1920 पासनं दर वसंतात तिनं बाग लोकांना उघडी केली. लांबनं लोक बघायला यायचे आणि जाताना रोपं विकत घेऊन जायचे. शेजारच्या गावांत, दुसऱ्या राज्यांत तिची लिलाकं दारोदारी गेली.

1922 मध्ये फ्रँक वारला. बाईचं मन उडालं, सगळं सोडून द्यायच्या विचारात होती. मुलानं धीर दिला आणि ती पुन्हा बागेत उतरली. लमुआननं बायकोचं नाव जातीला दिलं होतं, हिनं एका गडद जांभळ्या जातीला नवऱ्याचं नाव दिलं, 'फ्रँक क्लागर'.

आता 1948. त्या हिवाळ्यात डोंगरांवर बर्फ भरपूर पडलं होतं. मे महिन्यात एकदम उष्मा झाला, बर्फ वितळलं, वर पाऊसही झाला आणि कोलंबिया नदी फुगली. 30 मे रोजी पोर्टलँडजवळ रेल्वेचा भराव फुटला आणि वॅनपोर्ट नावाचं अख्खं शहर एका दुपारी पाण्याखाली गेलं. वुडलँड तिथनं खाली, लुईस नदी कोलंबियाला मिळते त्या सखल भागात. हुल्डाबाईच्या बागेतही पाणी शिरलं आणि लगेच उतरलं नाही. काही मोठे वृक्ष तेवढे वाचले. लिलाकचं एकही झुडूप राहिलं नाही. 43 वर्षांचं काम चिखलात गेलं. बाई तेव्हा 85 च्या घरात होती.

नदीकाठच्या माणसांना पुढचं चित्र सांगावं लागत नाही. पाणी साचलं की मुळाला हवा मिळत नाही आणि मूळ गुदमरून कुजतं. वरनं झाड दोन दिवस हिरवं दिसतं, आपण आशेनं बघतो, आणि मग पान मलूल पडतं. लिलाकला तर निचऱ्याचीच जमीन लागते, उगाच नाही ते डोंगरउताराचं झाड.

पण बातमी पसरली तशी ज्यांनी ज्यांनी तिच्याकडनं रोपं नेली होती ती माणसं आपापल्या दारातल्या झुडपाचे फुटवे काढून तिला आणून द्यायला लागली. कुणी स्वतः आणलं, कुणी पाठवलं. तिच्याच जाती तिलाच परत. 85 व्या वर्षी बाईनं पुन्हा लागण सुरू केली, आणि 1950 च्या वसंतात बाग लोकांना परत उघडी झाली. 1960 मध्ये ती वारली, वय 96.

तिच्या माघारी घर आणि बाग पाडून तिथं कारखानदारीसाठी जागा करायचं चाललं होतं. गावातल्या बागकाम मंडळाच्या बाया उभ्या राहिल्या आणि 1970 च्या दशकात त्यांनी ती जागा वाचवली. आज ते राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेलं ठिकाण आहे आणि एप्रिल-मे मध्ये फुलांच्या दिवसांत लोक तिथं जातात.

मला ही गोष्ट चमत्काराची वाटत नाही. ती वाटपाची आहे. बाईनं आपल्या जाती कुंपणाच्या आत कोंडून ठेवल्या असत्या, दुसऱ्याच्या दारात फुलल्या तर माझी किंमत कमी होईल असं म्हटलं असतं, तर 1948 च्या जूनमध्ये त्या कायमच्या संपल्या असत्या. तिनं पैसे घेऊन रोपं दिली, फुकट नाही, तेही योग्यच आहे. पण दिली. तिची बाग पुरात गेली त्या दिवशी तिच्या जाती शंभर ठिकाणी कोरड्या जागेवर उभ्या होत्या.

उलटंही घडतं. मॉस्कोत लिओनिद कोलेस्निकोव्ह नावाचा स्वतःच शिकलेला माणूस होता. त्याची 1947 मधली 'मॉस्कोची सुंदरी' ही जात, कळी गुलाबी आणि उमलली की पांढरी, आजही जगभर नावाजलेली आहे. त्याला 1952 मध्ये स्टालिन पुरस्कार मिळाला. पण त्यानं काढलेल्या बऱ्याच जाती आज कुठं सापडत नाहीत. जी जात बाहेर पसरली ती राहिली. जी फक्त एका जागी होती, ती जागा हलली की गेली. तिथं पुरस्काराचा उपयोग झाला नाही.

आता आपल्याकडं बघा. 2019 च्या ऑगस्टात वारणेचं पाणी आमच्या मळीच्या रानात उभं राहिलं तेव्हा राजापुरी हळदीचा एक गड्डाही बेण्याला उरला नाही. पुढच्या हंगामाला बेणं माळावरच्या मावसभावाकडनं आलं. ते त्यानं काही वर्षांपूर्वी आमच्याकडनंच नेलं होतं. जुनी माणसं ही रीत पाळायची. लेकीला सासरी जाताना बियाणं द्यायचे, पाव्हण्याला फुटवा द्यायचे, एक वाण दोन शिवारांत ठेवायचे. त्याला कुणी मोठं नाव दिलं नव्हतं. आता दरसाल दुकानातनं आणायची सवय लागली, आणि घराण्यातला जुना मोगरा, परड्यातली बिनकाट्याची वांगी, देशी केळीचा कंद हे एकाच घरी उरलेत. ते घर पडलं, वाटणी झाली, रस्त्यात जागा गेली की संपलं.

ज्यांना काश्मीर-हिमाचलात किंवा परदेशात थंड मुलखात राहून खरंच लिलाक लावायचंय, अशी आपली काही मुलं हे पान वाचतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी. ऊन दिवसाचं किमान सहा तास. जमीन निचऱ्याची, आंबट नको. छाटणी फुलं संपल्या संपल्या करा, कारण पुढच्या वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यातच काडीत तयार होतात. उशिरा छाटलं तर पुढचं फूल कात्रीनंच गेलं समजा. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार होतो आणि तो ऑक्टोबरनंतर दिसतो, हे द्राक्षवाल्याच्या पोराला लगेच कळेल. आणि रोप घेताना ते स्वतःच्या मुळावरचं आहे की कलमी, ते विचारा. कलमी असेल तर बुडातला फुटवा खुंटाचा येईल, तो लिलाक म्हणून कुणाला देऊ नका.

आणि आपल्या गावाकडच्यांनी लिलाकच्या मागं न लागता त्याचे भाऊबंद सांभाळा. येत्या पावसाळ्यात घरच्या जुन्या मोगऱ्याची, जाईची खालची फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा. मुळ्या सुटल्या की तोडून दोन घरी द्या. त्यातलं एक घर नदीपासनं लांब, उंचावरचं बघा. कुणाला दिलं ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे वेळ आली तर मागायला जाता येईल.

तुमच्याकडं असं एकाच घरी उरलेलं जुनं वाण कुठलं आहे, ते जरूर कळवा.

राम राम.